चालून दाखव

मसुऱ्याच्या लवू परबांची सुगंधा डाव्या पायानं किंचित लंगडायची. लहानपणी काजूच्या झाडावरून पडली होती. दोन स्थळं त्यावरूनच परत गेली. आता तिसरं फिरलं, तर विजयदुर्गाचा म्हातारा बिजवर तयारच बसलेला. म्हणून काकी हौसाबाईनं तिला आठवडाभर पडवीत चालवलं होतं. हळू चाल, पाऊल लपव, मान खाली ठेव. काकीला पोर एकदाची खपवायची होती, दुसरं काय!

तिसरं स्थळ म्हणजे जामसंड्याचे हरिश्चंद्र मास्तर, शाळेत कसरत शिकवणारे. अठ्ठावन्न साली मुंबईला जाऊन शरीरशास्त्राचा छोटासा वर्ग करून आले आणि तेव्हापासून शहाणपण नुसतं उतू चाललेलं. पोह्यांची बशी उचलली, तरी दंडाचा कुठला स्नायू आखडला ते आईला सांगायचे. त्या आईलाच घेऊन ते आज मुलगी बघायला आले होते.

सुगंधा खळ्यात तुळशीपर्यंत चालून आली. एरवी एवढ्यावर भागतं. मास्तर मात्र उकिडवे बसले आणि त्यांनी तिला पुन्हा चालायला लावलं. मग वाकून कळशी उचलायला. मग एका पायावर उभं राहायला. बाजारात बैल घेतानासुद्धा माणसं इतकी निरखत नाहीत. सुगंधाची कानशिलं तापली.

"कमरेचा डावा स्नायू दुर्बळ आहे," मास्तर म्हणाले. "चालणं म्हणजे दर पावलाला तोल सोडायचा आणि सावरायचा. शास्त्र आहे ते. वर्षभर इथेच मी सांगेन तो व्यायाम करू दे. सुधारणा दिसली तर विचार करू."

"बरा," लवू परब मान खाली घालून म्हणाले. सुगंधाला मास्तरांपेक्षा बापाच्या त्या शब्दाचाच जास्त राग आला.

"मास्तरांनू, आता तुमी चलान दाखवा," ती म्हणाली. काकीनं चिमटा काढला, तरी ती थांबली नाही. "बरोबर कसा चलतत, ता माका कळात."

मास्तर खुशीत उठले. आधी टाच, मग तळवा, मग बोटं, हात उलट्या बाजूचा, असं सांगत निघाले. पडवीतली झाडून सगळी माणसं त्यांच्या पायांकडे बघत होती. चौथ्या पावलाला उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे आला. मास्तर थांबले, पुन्हा सुरुवात केली. आता दोन्ही हात अंगाला चिकटले. जन्मभर बिनबोभाट चालणारे पाय आज धन्याला विचारायला लागले आणि धन्याला काही सुचेना. तुळशीपाशी पायात पाय अडकला.

"आई, मी एरवी आधी कुठला पाय टाकतो?"

"माका काय म्हायत? मी कधी बगूक नाय," आई म्हणाली.

लवू परबांनी मान वर केली. "हो माणूस बसान बोलता तवसर बरो आसा," ते म्हणाले. "आमका ही सोयरीक नको."

"मगे विजयदुर्गाचो?" काकी पुटपुटली.

"तोय नको."

सुगंधानं रिकाम्या बशा उचलल्या आणि आत गेली, भरभर, लंगडत, रोज विहिरीवर जायची तशी. बाहेर मास्तर अजून तुळशीपाशीच उभे होते.