नुसता पाला

धाकट्या मुलाची बदली ठरली तेव्हा मी त्याला ‘जाऊ नकोस’ असे म्हटले नाही. विनवण्या करण्याची मला सवय नव्हती. मी अट घातली.

धाकटी सून मत्स्यशास्त्र शिकलेली. गच्चीवर माशांची टाकी बसवायची, तिचे पाणी पंपाने खडीच्या वाफ्यांतून फिरवायचे, माशांच्या घाणीवर भाजी पोसायची आणि गाळून निघालेले पाणी पुन्हा माशांना द्यायचे, असा तिचा बेत होता. अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात त्याला. हे चालले तर मुलगा बदली नाकारणार होता.

“पालेभाजी कोणीही काढील,” मी जेवणाच्या टेबलावर सर्वांसमक्ष सांगितले. “मातीशिवाय बीट पिकवून दाखव, मुठीएवढं. दोन पिकांत जमलं तर गच्ची तुझी. नाही जमलं तर टाकी खाली उतरेल, आणि तुम्ही खुशाल जा.”

“आई, परीक्षा तिची आहे की बीटाची?” थोरला म्हणाला.

“तू गप्प जेव.”

ती जिंकावी, अशीच माझी इच्छा होती. त्यांची मुलगी, माझी नात, सहा वर्षांची. शाळेतून आली की दप्तरासकट माझ्या खोलीत शिरायची. ती माणसे घरात राहावीत यासाठीच ती अट होती. हे मी कोणाला सांगितले नाही. सांगण्याची गरज आहे असे वाटलेही नाही.

सून कामाला चोख. वाफे हातभर खोल केले. वरच्या थरात भाजक्या मातीचे बारीक, हलके गोळे घातले, म्हणजे कंदाला फुगायला जागा मिळेल. बीटाच्या एकेका बीतून दोन-तीन रोपे वर येतात. त्यांतले एक ठेवून बाकीची ती कात्रीने छाटू लागली, तेव्हा मला राहवले नाही.

“अगं, जगलेलं रोप कापतेस?”

“दाटीत कोणीच मोठं होत नाही, आई.”

“हे मला सांगतेस? दोन खोल्यांत चार मुलं वाढवली मी.”

ती हसली आणि कात्री चालवत राहिली.

माशांना सकाळ-संध्याकाळ दोन-दोन सपाट चमचे खाणे. तीस धडधाकट जिवांना एवढेच! मी टाकीशी उभी राहिले की सगळे तोंडे वर काढून गोळा होत. माझ्या दारातून आजवर कोणी अर्धपोटी गेलेले नाही. दुपारी घर रिकामे झाले की मी गच्चीवर जाऊन डब्यातली एक मूठ टाकीत सोडत असे. कधी दोन.

पहिल्या पिकाला गुडघ्याएवढा पाला आला. हिरवागार, लाल देठांचा, पाहत राहावे असा. उपटले तर खाली बोटाएवढी मुळी. सून काचेच्या नळीत पाणी घेऊन रोज औषधाचे थेंब टाकायची आणि रंग पाहून कपाळाला आठ्या घालायची. दुसऱ्या पिकाचीही तीच गत झाली. मी शब्दाला जागले. ती तीन माणसे सामान घेऊन गेली. जाताना नातीने हात हलवला नाही. तिला वाटले होते, मीही बरोबर येणार.

टाकी विकत घेणारा दोन महिन्यांनी येणार होता. सुनेने निघण्यापूर्वी एका वाफ्यात पुन्हा बी टाकले होते. रिकामा वाफा तिला बघवला नसावा. त्याच आठवड्यात मी जिन्यावर घसरले. गुडघा सुजला आणि गच्ची बंद झाली. शेजारचे निवृत्त कंपाउंडर माशांना खाणे घालू लागले.

सात आठवड्यांनी कठडा धरत वर गेले. पाला वीतभरच होता आणि त्याच्या खाली, गोळ्यांतून अर्धे बाहेर आलेले, काळपट लाल बीट. एक उपटले. माझ्या मुठीत मावेना.

“किती घालता हो खाणं?” मी कंपाउंडरांना विचारले.

“सूनबाईंनी कागद चिकटवलाय ना. दोन सपाट चमचे.”

“आणि दुपारी?”

“दुपारी कशाला, वहिनी? जास्त घातलं की जास्त घाण, पाण्यात नत्र वाढतं, आणि मग नुसता पाला माजतो. कागदावरच लिहिलंय, वाचलं नाहीत?”

वाचला नव्हता. माझ्याच घरातल्या सूचना मी कशाला वाचू?

मी तिथूनच सुनेला फोन केला.

“बीट आलंय. मुठीपेक्षा मोठं.”

“खरंच?” तिचा आवाज क्षणभर उजळला. “तडकलेलं नाही ना?”

“नाही. ऐक. दुपारी एक मूठ खाणं मी घालत होते. दोन्ही पिकांना.”



“माहीत आहे, आई. डब्याचं वजन मी रोज करत होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“विचारलं होतं एकदा, डबा लवकर कसा संपतो म्हणून. तुम्ही म्हणालात, या घरात कोणाच्या तोंडचा घास मोजत नाहीत. मला वाटलं, तुम्हाला सगळं कळतंय. अटही तुमची, मूठही तुमची. आम्ही जावं, असंच तुमच्या मनात असेल.”

“अगं, तुम्ही राहावं म्हणून मी...”

पुढचे शब्द मला जुळवता येईनात. आयुष्यात कधी वापरले नव्हते.

“आता ह्यांचं काम इथं मार्गी लागलंय, आई. शाळाही सुरू झाली. मलाही मत्स्यबीज केंद्रात घेतलंय.”

“त्याला माहीत आहे?”

“नाही. बियाणं खराब निघालं, असं सांगितलंय मी.”

“त्याला फोन दे.”

“राहू द्या ना, आई.”

“दे म्हणते ना.”

मुलाला मी सगळे सांगितले, एक शब्द न गाळता.

“इतके महिने मी तिला टोमणे मारले,” तो म्हणाला. “पदवी काय चाटायची, असंही म्हटलं.” मग, “ठेवतो,” म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी सून फोन करते. माझा गुडघा विचारते, नातीला दोन शब्द बोलायला लावते. मागे भांडी विसळल्याचा आवाज येतो, नळ बंद होतो, खुर्ची सरकते. तो तिथेच असतो. त्याला बोलाव, असे मी तिला सांगत नाही.