पाण्याचं विरजण

मारोतरावांच्या विहीणबाई तानाबाई लग्नात रुसल्या त्या रुसल्याच. कारण काय, तर वरपक्षाच्या मोठ्या माणसांखाली जे जाजम अंथरलं होतं, ते एका कोपऱ्यात बोटभर फाटलेलं होतं. बरं, जाजम मारोतरावांचं नव्हतं, कापसाच्या जिनिंगच्या शेठकडून मागून आणलेलं होतं. पण सांगता कोणाला? रुसायचंच असलं की माणसाला बोटभर भोक पुष्कळ होतं. त्या दिवसापासून मारोतरावांची लेक इंदू आर्णीला नांदत होती आणि दोन वर्षांत तिला एकदाही माहेरी दिग्रसला पाठवलं नव्हतं. आर्णी काही काळ्या पाण्यापलीकडे नाही. सकाळच्या एसटीत बसलं तर ऊन तापायच्या आत माणूस पोचतो. पण सण आला की निरोप ठरलेला, "यंदा नाही जमत."

आता इंदूला दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काही मारोतरावांनी घरी बसून काढलेली रीत नव्हती. तिची आई रुक्माबाई रोज सकाळी उठून एकच विचारायची, "काय ठरलं वो पोरीचं?" ठरवणारे बसले होते आर्णीत, तेव्हा मारोतराव काय सांगणार, कपाळ?

भादव्यात जावई बळीराम सरकी न्यायला दिग्रसला आला आणि सासऱ्याच्या ओसरीत माशांची काचेची पेटी बघून तिथंच खिळला. त्यानं आर्णीत नवी बैठक बांधली होती आणि सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं.

"मामाजी, अशी पेटी आमच्या बैठकीत लावून द्या," तो म्हणाला. "दसऱ्याले यवतमाळचे मोठे लोक येऊन राह्यले. पेटी लागली का दसरा झाल्यावर इंदूले घेऊन जा. मायले मी पाहून घेतो."

चार दिवसांनी तानाबाईंचा निरोपही आला. पोरगी पाठवू, पण मासोळ्या जित्या राहिल्या पाहिजेत, नाही तर पाहुण्यांत आमची शोभा व्हायची. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते काय खोटं? मारोतरावांनी हो म्हटलं आणि वर हात जोडून म्हटलं. आता मासोळ्या जगल्या तर पोरगी घरी येणार होती. एवढं सोपं करून टाकलं होतं त्या लोकांनी.

मारोतराव जिनिंगमध्ये फिटर होते. जुने मॅनेजर बदलून गेले, तेव्हा जाताना पेटी आणि त्यातला एक लाल मासा यांच्या गळ्यात टाकून गेले. पहिल्या वर्षी मारोतरावांनी पेटी घासूनपुसून लख्ख केली, रेतीही नवी टाकली. पाणी आरशासारखं दिसायचं, आणि नागपूरहून आणलेल्या मासोळ्या त्या आरशात पटापट मरायच्या. तो मॅनेजरचा म्हातारा लाल मासा तेवढा तग धरून राहिला, शेपूट फाटलं तरी. पुष्कळ मासोळ्या पुरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मासोळी पाण्यातच खाते आणि पाण्यातच घाण करते. ते विष खाणारं कोणीतरी पाण्यात असावं लागतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण जुन्या रेतीवर, विटांच्या तुकड्यांवर बुळबुळीत थर धरून बसतं. तेव्हापासून पेटीवर एक मडकं टांगलेलं असे. बुडाला बारीक भोकं, आत विटांचे तुकडे आणि जाड रेती. जाता-येता घरातल्या कोणीही पेटीतलं पाणी गडव्यानं त्या मडक्यात ओतायचं, ते झिरपत पुन्हा पेटीत.

"विरजण आहे ते," मारोतराव सांगायचे. "नुसतं दूध ठेवून दही होते का? तसं नुसतं पानी भरून मासोळीचं घर होत नाही. जुन्यातलं थोडं टाका लागते."

हे घरात सगळ्यात पक्कं कळलं होतं इंदूला. ती लहान होती तेव्हा एका दिवाळीच्या झाडपुशीत रुक्माबाईंनी त्या विटा सोड्याच्या कढत पाण्यात घासून काढल्या. आठवडा गेला नाही तोच म्हातारा सोडून साऱ्या मासोळ्या उताण्या झाल्या. इंदूनं त्या वर्षी करंजीला हात लावला नाही, आईशी बोलली नाही. पुढच्या दिवाळीपासून झाडपूस निघाली की ही मडक्याखाली पाट टाकून बसायची. "याले कोनी हात लावाचा नाही," म्हणायची. रुक्माबाई चिडवायची, "आली मोठी मडक्याची राखनदारीन." पोरगी हसायची, पण हलायची नाही.

तर मारोतरावांनी नवी पेटी जोडली. जिनिंगमधल्या भंगारातला अँगल मागून घेतला, काचा आणल्या, पुट्टी लावली, पाणी भरून ठेवलं, थेंब गळला नाही. नवं मडकंही घेतलं. मग जायच्या दिवशी जुन्या मडक्यातल्या विटा उचलायला लागले, तशी रुक्माबाई जवळ येऊन उभी राहिली.

"चौथाई न्याची असते म्हनता ना तुमी? अर्ध्याच्या वर उचलून राह्यले. आपल्या मासोळ्या कशा जगतीन?"

"जगतीन. मी पानी बदलत राहीन. पोरीच्या घरी कमी पडाले नको."

हा शहाणपणा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण बापाला शहाणपण असतं तर पोरी नांदल्या असत्या का कुठं? विटा वाळल्या की मेल्या, म्हणून त्यांनी त्या ओल्या पोत्यात बांधल्या आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. पेटी टपावर, मासोळ्या पितळेच्या डब्यात. धोतर भिजलं. कंडक्टरनं पोत्याकडं बघून नाक मुरडलं.

"काय आहे बाबा त्यात? जितं का मेलेलं?"

"जितं आहे," मारोतराव म्हणाले.

आर्णीला तानाबाई नाकाला पदर लावूनच बैठकीत आल्या. पोतं सोडलं तसा शेवाळाचा वास सुटला. नव्या रंगवलेल्या भिंतीपुढं ती काळी-हिरवी खपरं खरंच देखणी दिसत नव्हती.

"लग्नात जाजम फाटकं दिलं, आता खपरं बी चिखलाची आनली," त्या म्हणाल्या. "इवाई, तुमच्या दिग्रसात नवं काही भेटते का नाही?"

"याच्यात जुनंच लागते, ईनबाई," मारोतराव हसून म्हणाले. हसले, कारण दुसरं करणार काय? मग त्यांनी विरजणाचं सगळं सांगितलं. तानाबाई म्हणाल्या, आमच्या घरी विरजण पांढरं असते. बळीराम हसला. दारात इंदू उभी होती. पोट दिसायला लागलं होतं, चेहरा भरला होता. तिनं मडक्याकडं पाहिलं नाही, सासूकडं पाहिलं, आणि मान खाली घातली.

मारोतरावांनी पेटीत दोनच मासोळ्या सोडल्या. दोन बघून जावयाचं तोंड उतरलं, पण पाणी मुरल्यावर बाकीच्या आणतो, घाई केली तर साऱ्याच जातील, असं त्यांनी समजावलं. निघताना इंदूला म्हणाले, "दाना चिमूटभरच टाकजो. अन् मडक्याले हात नाही. पन तुले काय सांगाचं, तू तं राखनदारीन."

त्यांना वाटलं, हसेल.

"हो बाबा," ती म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली.

इकडं दिग्रसला घरच्या पेटीचं पाणी गढुळलं. अर्ध्या मडक्यानं एवढ्या मासोळ्यांचं कसं भागावं? मारोतराव जिनिंगमधून आले की घागरीनं पाणी काढायचे, घागरीनं भरायचे. म्हातारा लाल मासा दिवसभर वर तोंड काढून आ-आ करत राहायचा. मारोतराव त्याला म्हणायचे, "थोडा दम धर, गड्या. इंदू येऊन राह्यली. तिच्या हातचा गडवा पडला का बरा होशीन." रुक्माबाईनं बाजेला नवी सुतळी विणून घेतली, डिंक-मेथी आणून ठेवली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. घरात दोन म्हातारी माणसं, पण नव्या नवरीसारखी लगबग.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मारोतराव आर्णीला गेले, पोरीला आणायला. रुक्माबाईनं सोबत पुरणपोळ्या दिल्या होत्या. बैठकीत पाय ठेवला तेव्हाच त्यांना कळलं. पेटीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं आणि आत काहीच हलत नव्हतं.

"या इवाई," तानाबाई म्हणाल्या. "पाह्यली का शोभा? यवतमाळचे पाहुने बसलेले, चहा पिऊन राह्यले, अन् दोन्ही मासोळ्या उलट्या. एक पाहुना म्हने, हे काय मढं ठेवलं बैठकीत? सनाचा दिवस, अन् घरात पोटुशी बाई. तुमाले काही वाटते का?"

बळीराम भिंतीकडं तोंड करून पान लावत होता.

मारोतरावांनी मडकं उतरवलं आणि आत हात घातला. विटांचे तुकडे लालभडक होते, भट्टीतून आत्ता काढल्यासारखे. बोटाला चिकटपणा म्हणून नाही. नाकाशी नेलं तर धुण्याच्या सोड्याचा वास. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं जे गिळलं होतं ते सगळं एकदम वर आलं.

"हे कोनं धुतलं?"

"आमी?" तानाबाई म्हणाल्या. "त्या घानीले कोन हात लावते? मी तं त्या बाजूले फिरकली बी नाही."

मारोतरावांनी विहिणीच्या तोंडाकडं पाहिलं. तानाबाई पुष्कळ काही होत्या, पण तेव्हा खोटं बोलत नव्हत्या. हे कळलं आणि मारोतरावांनी विटेचा तुकडा परत मडक्यात ठेवला.

ते पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. इंदू चुलीपुढं बसली होती.

"मीच धुतलं," ती हळूच म्हणाली, त्यांनी विचारायच्या आत.

"तुले माहीत होतं, बाई."

"माहीत होतं."

"मंग काहून?"

"पाहुने येनार होते. वास येत होता. आत्याबाई आल्यागेल्याले दाखवत होत्या, माह्या सुनेच्या बापानं चिखल पाठवला म्हनून. मले वाटलं, निदान दिसाले तरी बरं दिसू दे." मग तिनं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "आमच्याकडं असं नाही चालत, बाबा."

आमच्याकडं. मारोतराव तो शब्द ऐकून तिथंच पाण्याचा गडवा हातात धरून उभे राहिले. सोड्यानं विटा जळल्या होत्या, पण त्याआधी पोरीला बापाची लाज वाटली होती, आणि त्याला कुठलं विरजण लावायचं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना राग आला, फार आला. दोन कानफटात द्याव्यात असा आला. पण देणार कोणाला? आपलेच दात अन् आपलेच ओठ.

मागून तानाबाई आल्या. "काय खुसुरफुसुर चालली? कोनं धुतलं ते समजलं का?"

मारोतरावांनी इंदूकडं पाहिलं. ती चुलीकडं पाहत होती. ती बोलली असती तर आज ना उद्या सासू विसरली असती, असंही म्हणता येत नाही. आणि बाप बोलला असता तर पोरीनं जन्मभर ऐकलं असतं.

"कोनी नाही धुतलं, ईनबाई," ते म्हणाले. "माहीच चूक झाली. मासोळ्याच कमजोर आनल्या मी."

"आता कसं बोलले," तानाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा समाधान दिसलं. मग त्यांनी सांगून टाकलं की असा अपशकुन झाल्यावर पोटुशी सून त्या हलवणार नाहीत, बाळंतपण इथंच होईल. मारोतराव थांबले. इंदू म्हणेल, मला जायचं आहे. एवढं एक वाक्य म्हणेल. नुसती रडली असती तरी त्यांनी भांडण मांडलं असतं.

"इथंच होऊ द्या, बाबा," इंदू म्हणाली. "यांचं बी बरोबर आहे."

पुरणपोळ्यांचा डबा तिथंच ठेवून मारोतराव स्टँडवर आले. पेटी मागितली नाही, कोणी देऊही केली नाही.

दिग्रसला पोचले तर रुक्माबाई दारातच होती. तिनं त्यांच्या मागं पाहिलं, रस्त्यावर पाहिलं, आणि ती बाजूला झाली. आत ओसरीत म्हातारा लाल मासा पेटीत आडवा तरंगत होता.

"दुपारीच गेला," ती म्हणाली. "मी पानी बदलत होती, पन माह्यानं काही झालं नाही. तिकडच्या?"

"त्याही मेल्या. विटा सोड्यानं धुतल्या होत्या."

"कोनं?"

मारोतराव जोडे काढत होते. एक जोडा काढायला त्यांना फार वेळ लागला.

"विहिणीनं," ते म्हणाले.

मग रुक्माबाईनं तानाबाईचा जो उद्धार केला, तो सगळ्या आळीनं ऐकला. सात पिढ्या काढल्या. मारोतरावांनी तो होऊ दिला. बिचारी तानाबाई, एवढ्या एका गोष्टीत तिचा गुन्हा नव्हता, आणि नेमका तोच तिच्या माथी बसला. शेवटी थकून रुक्माबाई नव्या विणलेल्या बाजेवर बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

"माही इंदू घरात नसन तवा धुतलं असन त्या बाईनं," ती म्हणाली. "नाही तं माह्या पोरीनं त्या मडक्याले कोनाले हात लावू देला असता का?"

"नसता देला," मारोतराव म्हणाले, आणि पेटीत हात घालून त्यांनी म्हाताऱ्या माशाला बाहेर काढलं.