पंडितजींचा गुरुवार

वैजनाथ हवालदाराचा उजवा पाय गुडघ्याखाली कापून पाच दिवस झाले होते आणि तेवढ्या दिवसांत वॉर्डातलं एकही माणूस त्याच्या शिवीवाचून सुटलं नव्हतं. भात गिच्च झाला म्हणून शिवी, पंखा कुरकुरतो म्हणून शिवी, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा श्रीमंत खोकतो म्हणून त्यालाही शिवी. पट्टी बदलायला येणारी करिश्मा सिस्टर म्हणायची, "काका, सगळ्या देऊन झाल्या की सांगा, मग सुरू करते." बायको तुळजाबाई खाटेशेजारच्या स्टुलावर गप बसून असायची. तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं, की ह्या माणसाच्या पोटात एक भट्टी आहे. ती आपण पेटवलेली नाही आणि आपल्याच्यानं विझणारीही नाही.

भट्टी कशाची हे तिला ठाऊक होतं, पण ऐकीव. त्र्याण्णवच्या भूकंपात सास्तूरच्या घराखाली त्याची पहिली बायको सीता गेली. साडेतीन वर्षांची पोरगी सोनाली पुढं सोलापूरच्या दवाखान्यात दगावली. तो तेव्हा काश्मीरला होता, वेळेवर पोचला नाही. भावकीतल्या बायकांनी सांगितलं तेवढंच. त्यानं पोरीचं नाव तुळजाबाईसमोर कधी काढलं नव्हतं.

धाराशिवातलं ते हॉस्पिटल माजी सैनिकांच्या योजनेत होतं, त्यामुळं दोन-चार जुने जवान तिथं कायम असायचे. त्यांना भेटायला दर गुरुवारी तुळजापुरातून फौजेतले एक निवृत्त धर्मगुरू यायचे. फौजेत धर्मगुरूचं काम नुसतं मंदिरातल्या आरतीचं नसतं. आजारी जवानाच्या उशाशी बसायचं, मरणाऱ्याचा हात धरायचा आणि कुणाच्या घरून वाईट बातमी आली तर ती त्याला नीट सांगायची, हेही त्याच्याच गळ्यात असतं. निवृत्तीनंतर बाकीचं सुटलं, पण उशाशी बसणं ह्यांनी सोडलं नव्हतं.

त्या गुरुवारी ते श्रीमंतच्या खाटेवर टेकून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. तो आवाज कानावर पडला आणि वैजनाथ कोपरावर उठला.

"पंडितजी? कृष्णराज पंडितजी न्हवं का तुम्ही? आवो, म्या वैजनाथ! सास्तूरचा! वरच्या पोस्टवर होतो बगा."

पंडितजी वळले. त्यांचं तोंड पांढरं पडलेलं तुळजाबाईनं पाहिलं, वैजनाथनं नाही. तो हसत होता. पाच दिवसांत पहिल्यांदा.

"अगं, चहा आण ह्यांना. देवमाणूस हाय ह्यो! आठ तास बर्फ तुडवत वर आला होता माज्यासाठी."

पंडितजी स्टुलाच्या कडेवर बसले आणि वैजनाथ बोलत सुटला. रेडिओवर भूकंपाचं ऐकलं, जीव टांगणीला लागला. चौथ्या दिवशी पंडितजी सामानाच्या तुकडीबरोबर चढून आले. म्हणाले, तुझ्या घरचे सुखरूप आहेत. त्या एका शब्दावर तो पुढचे नऊ दिवस बंदूक धरून उभा राहिला. मग खाली बोलावणं आलं, आणि घरी पोचला तेव्हा पोरगी जाऊन आठवडा झाला होता.

"तार आली होती पंडितजी. पयल्याच आठवड्यात आली होती. चुलत्यानं माज्या सोता केली होती. आमच्या त्या मेजरनं दाबली! पोस्टवर माणूस कमी पडंल म्हणून दाबली, आन तुम्हालाबी खोटं सांगून वर धाडलं. म्या खाली उतरलो तर माज्या खांद्यावर थाप मारतोय, 'शाबास, बहादूर!' कशाची शाबासकी? मागनं लई पत्रं लिवली त्यानं. एक फोडलं न्हाय, चुलीत घातली. दोन वर्सांमागं मेला म्हणून कळलं, तवा म्या पेढे वाटले. देवाशपथ, पेढे वाटले!"

पंडितजींच्या हातातल्या कपावर साय धरली होती. कपाळाला लावायला आणलेला अंगारा त्यांनी न लावताच पुडीत बांधला, 'येतो' म्हणाले आणि गेले.

पुढच्या गुरुवारी ते श्रीमंतकडं गेले नाहीत. सरळ वैजनाथच्या खाटेशी आले आणि उभेच राहिले.

"हवालदार, तार मेजर साहेबांनी दाबली नव्हती."

"मग कुणी?"

"साहेबांनी तार आली त्याच दिवशी माझ्या हातात दिली. म्हणाले, तुम्ही स्वतः जा, त्याला सांगा आणि बरोबर घेऊनच खाली या. मी वर आलो. तुम्ही माझ्यासाठी स्टोव्हवर बर्फ वितळवायला ठेवला, माझे बूट काढले, आणि विचारलंत, 'घरचं काय कळलं?' सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझी जीभच उचलेना. मी म्हणालो, सुखरूप आहेत."

"आन तार?"

"खिशात होती."

 वैजनाथच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती आणि प्रत्येक बसताना आग लागत होती.

"खाली जाऊन सायबाला काय सांगितलंस?" बत्तीस वर्षांचं 'तुम्ही' एका दमात गळून पडलं.

"म्हणालो, सांगितलं त्याला. तो म्हणतो, आता जाऊन काय करू, पोस्ट सोडणार नाही. साहेबांना खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी परेडला त्यांनी तुमचं नाव घेऊन..."

"म्हणून शाबास."

"म्हणून."

"तारंत काय व्हतं? शब्दाला शब्द सांग."

पंडितजींनी डोळे मिटले. त्यांना आठवावं लागलं नाही. "पत्नी मयत. मुलगी सोलापूर दवाखान्यात. शुद्धीवर आहे. बापाला विचारते. ताबडतोब या."

उशाशी पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या होता. तो वैजनाथनं कधी उचलला हे कुणालाच दिसलं नाही. पंडितजींच्या भुवईवर तो बसला आणि फरशीवर खणखणत श्रीमंतच्या खाटेखाली गेला. पंडितजींनी हात आडवा केला नाही.

"शुद्धीवर व्हती! हरामखोरा, शुद्धीवर व्हती ती! तू आलास तवापासनं सहा दिस जिती व्हती! तीन दिसांत म्या सोलापूर गाठलं असतं! जीभ उचलंना? आरतीला बरी उचलत व्हती तुजी जीभ! भाईर हो! भाईर हो, न्हायतर ह्या एका पायानं उठून..."

करिश्मा पळत आली. वॉर्डबॉय आले. टाक्यांतून रक्त यायला लागलं म्हणून वैजनाथला दाबून धरावं लागलं. पंडितजी रुमाल भुवईवर धरून जिन्याकडं गेले.

सगळे गेल्यावर तुळजाबाई फरशी पुसायला बसली. पुसता पुसता तिचे खांदे हलायला लागले.

"तुला काय झालं रडाया?" तो खेकसला.

"ती बापाला विचारायली व्हती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

 तो भिंतीकडं तोंड करून पडला. आता भट्टीचा जाळ कुठं लावायचा हेच कळेना. मेजराच्या नावानं जेवढं ओकला होता ते सगळं उलटं घशात येत होतं. आणि त्या पेढ्यांची गोडी इतक्या दिवसांनी जिभेवर कडू लागत होती.

तिसऱ्या गुरुवारी सकाळपासूनच त्यानं दाराकडं पाठ केली होती. पाय वाजले की मान मात्र वळायची. श्रीमंत तर दिवसभर दाराकडंच बघत होता. त्याला आता दम लागला की बोलताही येत नव्हतं. संध्याकाळी करिश्मानं सांगितलं, पंडितजींचा फोन आला होता, ते आता येणार नाहीत, दुसरं कुणी बघा म्हणाले.

"येनार न्हाय?" वैजनाथ म्हणाला. मग मोठ्यानं, "येनार न्हाय म्हणतोय!"

शनिवारी त्याला घरी सोडलं. जीप तुळजापुरात शिरली तशी तुळजाबाईनं देवीकडं बघून हात जोडले. वैजनाथ ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी आत घे. दर्शनाला न्हाय, एका माणसाकडं जायचंय." विचारत विचारत ते देवळामागच्या बोळात पोचले. बोळात जीप जाईना. बगलेत दोन कुबड्या घालून, तुळजाबाईचा हात झिडकारत, घामानं निथळत तो पंडितजींच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि कुबडीनंच दार ठोकलं.

पंडितजींच्या भुवईवर तीन टाके होते.

"दोनदा पळालास तू," वैजनाथ म्हणाला. "एकदा वरनं आन एकदा दवाखान्यातनं."

"मला तोंड दाखवायची लाज..."

"तुजं तोंड बगाया कोण आलाय? त्या श्रीमंतनं तुजं काय वाकडं केलं व्हतं? गुरुवारी दिसभर दाराकडं बगत व्हता बिचारा. त्याला सोडलंस. तुला लाज वाटती म्हणून त्यानं एकट्यानं खोकत मरायचं व्हय?"

 शेजारच्या दारांतून बायका डोकावत होत्या. वैजनाथनं आवाज कमी केला नाही.

"आन म्या बत्तीस वर्सं एका बिनगुन्ह्याच्या माणसाला शिव्या दिल्या. तो मेल्यावर त्याच्या नावानं पेढे वाटले. त्या शिव्या आता कुणाला देऊ? भिताडाला? ज्याच्या हायत त्यानं येऊन घ्यायच्या. दर गुरुवारी सकाळी दवाखान्यात जायचं, श्रीमंतपाशी बसायचं. मग यष्टी धरून सास्तूरला यायचं. म्या बोलणार, तू ऐकणार."

"हवालदार, मला माफ..."

"माफीचं नाव काढलंस तर ही कुबडी घालीन टाळक्यात. माफी न्हाय. यायचं."

गुरुवारी दुपारी ते आले. पत्र्याच्या ओसरीत सतरंजी टाकली होती. आधी वैजनाथनं त्यांच्यापुढं वही आणि पेन टाकलं.

"सायबाच्या मंडळीला पत्र लिव. काय केलंस ते सगळं लिव. सायबाचा दोष नव्हता हे पयलं लिव. म्या पेढे वाटले तेबी लिव, ते माज्या नावावर. खाली सही कर, हुद्दा घाल."

पंडितजींनी चार पानं लिहिली. हात दोनदा थांबला. दोन्ही वेळा वैजनाथनं कुबडी फरशीवर आपटली. पत्र पाकिटात गेल्यावर तासभर तो शिव्या देत होता. नव्या, जुन्या, पलटणीतल्या, सास्तूरच्या. पंडितजी मांडी घालून ऐकत होते. शेवटी त्याला धाप लागली.

आणि धाप लागलेल्या आवाजातच तो म्हणाला, "सोनालीला 'र' म्हणता येत नव्हता."

आत तुळजाबाईनं गॅस बंद केला. ती येऊन उंबऱ्यावर बसली. नाव त्याच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकत होती.

"सुट्टीवर आलो की माजी काळी पेटी ओढायची, तिच्यावर बसायची आन डाव्या हातानं सलूट मारायची. म्या म्हणायचो, उजवा, उजवा. ती म्हणायची, ह्यो हात माज्या भावलीनं धयलाय."

पंडितजींच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"रडायचं न्हाय," वैजनाथ गुरकावला. "रडाया बोलावलं न्हाय तुला. ऐक." आणि तो सांगत राहिला. ती भाकरीचा पापुद्रा काढून आधी कुत्र्याला टाकायची ते, तिला गोवर झाला होता ते, निघायच्या दिवशी तिनं त्याचा एक मोजा लपवला होता ते. सांगता सांगता मध्येच राग उसळायचा, पुन्हा एखादी शिवी यायची, आणि पुन्हा तो पोरीकडं वळायचा. लोहाऱ्याकडं परत जाणारी शेवटची एसटी चौकात हॉर्न वाजवून निघून गेली. पंडितजी उठले नाहीत, आणि वैजनाथनंही त्यांना जा म्हटलं नाही.