डिशवरच्या चादरी

आमचे हे कशातच ताकास तूर लागू देत नाहीत, ते मला लग्नापासून माहीत आहे. पण गेल्या महिन्यापासून नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. शेअर बाजार उघडला की खोलीचं दार बंद. मी चहा घेऊन गेले की फोनवरचं बोलणं बंद. "कोण होतं?" विचारलं तर "कोणी नाही गं." कोणी नाही, तर मग इतक्या हळू आवाजात बोलता कोणाशी, भिंतीशी?

माझं डोकं फिरायला कारण होतं. लॉजच्या चादरी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मी गाळ्याच्या अनामतीपुरते पैसे साठवले होते. कोपऱ्यावरचा तो गाळा, त्यात मोठं मशीन, बाहेर पाटी, सगळं मनात मांडून झालं होतं. ह्यांनी ते पैसे "थोडे दिवस फिरवतो" म्हणून शेअरमध्ये घातले. दिले मीच. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

आमच्या भागात मोबाईलला रेंज नाही, म्हणून इंटरनेटसाठी छतावर ती उपग्रहाची डिश; घरातले फोनही त्या नेटवरूनच लागतात. बसवणारा बजावून गेला होता, "ताई, हिच्यासमोर आभाळ मोकळं हवं. वर ओलं कापड तर अजिबात नको." तेव्हापासून मी वाळत घालायच्या दोऱ्या लांब बांधल्या होत्या.

त्या दिवशी ह्यांनी नाश्त्याला हातही लावला नाही. फटीतून पाहिलं, तर स्क्रीनकडे टक लावून बसलेले आणि पाय सारखा हलतोय. हा माणूस आज उरलंसुरलंही कशात तरी घालणार, माझी खात्रीच पटली. तळपायाची आग मस्तकात गेली. भांडले असते, पण भांडून ह्यांचं दार कधी उघडलंय? बादली उचलली, छतावर गेले आणि न पिळलेल्या दोन चादरी डिशवर टाकल्या. नेट नाही तर खरेदी नाही. कपाटाला कुलूप लावल्यासारखं हायसं वाटलं.

खाली आरडाओरडा झाला नाही. ह्यांनी राउटर बंद-चालू करून पाहिला असावा. मग सायकल काढली आणि रस्त्याच्या वळणाकडे सुटले. तिथे कधीमधी रेंज मिळते. मी वरून पाहत होते. मनात म्हटलं, मारा पायडल.

परत आले ते घामाने निथळत, थेट छतावर. मी उरलेले अभ्रे झटकत होते.

"बाजार कोसळला," म्हणाले आणि खालीच बसले. "सकाळपासून सगळं विकायला बसलो होतो. हवा तो भाव आला आणि नेमकं नेट गेलं. गाळ्याच्या मालकाशी रोज बोलत होतो गं. संध्याकाळी किल्ली तुझ्या हातात द्यायची होती."

विकायलाही तेच नेट लागतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आता?"

"आता अनामतीपुरतेही उरले नाहीत. मालक गाळा दुसऱ्याला देतोय."

मग त्यांचं लक्ष डिशकडे गेलं. उठले. चादरी अलगद काढल्या, पिळल्या, दोरीवर पसरल्या आणि चिमटे लावले. धुतलेल्या कपड्याला मळका हात लागला की मी ओरडते, म्हणून आधी हात शर्टाला पुसले होते.

"उडून पडल्या असतील," म्हणाले. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

माझ्याकडे एकदा जरी संशयाने पाहिलं असतं, तरी मी भांडले असते. पण त्यांनी तसं पाहिलंच नाही.

"अहो," मी म्हणाले, "आज वारा नव्हता."