हिरव्या मळ्याची फॅट

“दोन पॉइंट एक? कावून रं? माझ्या मळ्यात काय पाणी घातलंय व्हय?”

चारा छावणीत म्हशीच्या दावणीशी बसून चतुराबाई फोनमधलं एकेक अक्षर लावत होती. लेकानं लिहिलेलं तिला आज पहिल्यांदाच सापडलं होतं.

भारत नांदूरघाटच्या दूध संस्थेत दुधाची फॅट तपासायचा आणि फावल्या वेळात ब्लॉगवर मोबाइल गेमची परीक्षणं लिहायचा. त्याच्याकडे गेमला स्टार नसत, फॅट असे. सहाच्या वर गेला तो गेम म्हणजे म्हशीचं निरसं दूध. वाचणारे चारशे. भारतनं लावलेली फॅट बदलत नाही, हा त्यांचा विश्वास आणि त्याचा तोरा.

हिरवा मळा, शेतीचा गेम. १२ जानेवारी २०१९. फॅट २.१. यात विहीर आटत नाही, पाऊस ठरल्या वेळी येतो. आमच्या तालुक्याची थट्टा आहे. वेळ घालवू नये.

“खोटं हाय का, माय? अशी विहीर असती का कुठं?” शेजारी बसलेला भारत म्हणाला.

“न्हाई. म्हणून तर जाते तिथं.”

शेजारच्या दावणीची बायनाबाई खिदळली. “काल तिथली चार वांगी मला तोडू दिली हिनं. फुकट!”

“तू किती येळ खेळलास?” चतुराबाईनं विचारलं.

“वीस मिनिटं.”

“अन् मी तीन महिने. कॅन न ढवळता तळाचं सॅम्पल घेतलंस की, साहेब!”

न ढवळलेल्या कॅनमध्ये साय वर राहते, तळाला पातळ दूध लागतं. याच चुकीसाठी भारतनं संस्थेत दोघांना झापलं होतं.

“आता बदललं तर लोक म्हणतील, आईनं कान धरला अन् फॅट वाढली.”

“म्हणू दे. कान मीच दिलाय तुला.”

मग तो दुपारभर तिच्या मळ्यात बसला. कडबा विका, ट्रॅक्टर घ्या, असं गेम सारखा सांगत होता. चतुराबाईनं कडब्याची एक पेंढी विकली नव्हती. गोठ्यात सहा म्हशी, प्रत्येकीच्या डोक्यावर तिनं टाकलेलं नाव. भोरी. चांदी. भारतचं बोट थांबलं. घरच्या या दोघी मागच्या दुष्काळात बाजारात विकल्या गेल्या होत्या.

“अजून दूध देत्यात बरं,” ती म्हणाली.

संस्थेत चुकलेला आकडा खोडरबरानं पुसत नाहीत. जुना वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, शेजारी नवा लिहायचा आणि दोन सह्या घ्यायच्या: तपासणाऱ्याची आणि ज्याचं दूध त्याची.

हिरवा मळा. २० एप्रिल २०१९. जुन्या २.१ वर रेघ मारली आहे, पुसलेलं नाही. सॅम्पल न ढवळता घेतलं होतं. नवी फॅट ६.८. पाऊस अजून खोटाच आहे. पण आज दुपारी मी भिजलो. सही: भारत.

“अन् ज्याचं दूध त्याची?” त्यानं फोन पुढं केला.

चतुराबाईनं बोट पदराला पुसलं आणि काचेवर सावकाश नाव काढलं. शेवटच्या ‘ई’ला जागा पुरली नाही. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, “वळखत्यात मला.”

तेवढ्यात तिच्या फोनातल्या मळ्यात पाऊस धरला. तिनं फोन उचलून दावणीतल्या म्हशीच्या तोंडापुढं धरला. ही भोरीचीच वगार, आता म्हैस झालेली.

“बघ गं,” चतुराबाई म्हणाली, “तुझी माय भिजतीया.”