पेवातली दुपार

"निजामभाई, पुन्हा कंदील कायले?" भगवंतराव पाटलांनी अंगणातल्या बैलगाड्यांकडे बोट दाखवले. "सकाळी सोडला नं तुमी? मस्त जळून राह्यला होता. तीन गाड्या खोळंबल्या हायेत, आभाळ भरून राह्यलं."

निजामुद्दीन पेवाच्या तोंडाशी उभा होता. रिसोड परिसरात जमिनीखाली खणलेली ज्वारीची पेवे उघडण्याचे काम तो तीस वर्षे करीत आला होता. तोंडावरचा दगड काढायचा, एक दिवस पेव उघडे ठेवायचे, मग दोराने कंदील आत सोडायचा. ज्योत तगली तरच माणूस उतरवायचा. या क्रमात त्याने कधी कसर केली नव्हती.

एकोणीसशे एकतीस सालच्या ज्येष्ठातली ती दुपार. वारा अगदी पडला होता. जेवणाच्या सुटीआधी वर आलेल्या शेवटच्या टोपल्यांतली ज्वारी काळपट आणि कोमट होती, तिला आंबूस वास येत होता. तळाशी कुठून तरी पाणी झिरपले असावे.

"सकाळी ज्वारी तोंडाशी होती, पाटील," तो म्हणाला. "आता दोन पुरुष खोल गेली."

"अन् मी काय मेलो का, भाई?" त्याचा धाकटा भाऊ गफ्फार हसला. "सकाळपासून आतच तर हाओ."

"मंग कमरेले दोर बांध."

"अन् टोपली काय दाढीले बांधू?"

दोर ओढणारा खेमा खो खो हसला. कंदिलातले तेल संपले होते. ते पाटलांच्या घरातून आणावे लागणार होते. निजामुद्दीन क्षणभर घुटमळला आणि बाजूला सरला. ज्योतीने सकाळच्या खोलीची ग्वाही दिली होती, दुपारच्या खोलीची नव्हे. हे त्याला कळत होते.

गफ्फार दोर धरून खाली उतरला.

"लय ऊब हाय, भाई. झोप येऊन राह्यली."

"दोन भाकरी जास्त हाणल्या तुनं," खेमा वरून म्हणाला.

गफ्फार टोपली भरायला वाकला. मग दोर हलला नाही.

आंबणाऱ्या धान्यातून कर्बाम्ल वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खोलगट जागी पाण्यासारखा साचतो. त्याला रंग नाही, आणि वारा नसला की तो हलत नाही. उभ्या माणसाचे नाक त्याच्या वर राहते. वाकलेल्याचे बुडते.

"गफ्फार," निजामुद्दीनने हाक मारली. पुन्हा मारली.

खेमाने एक पाय आत टाकलाच होता. निजामुद्दीनने त्याचे मनगट पकडले.

"सोडा, निजामभाई. माणूस हाय आत."

"तू गेला त दोन होतीन."

अंगणात ज्वारी पाखडणारी गफ्फारची बायको लतीफा सूप टाकून धावत आली. "भाईसाब, सख्खा भाऊ हाय तुमचा. सोडा खेमाले."

"हाय," तो म्हणाला. मनगट त्याने सोडले नाही.

त्याने दोराला घोंगडी बांधली आणि खेमाला ती पेवात खाली-वर करायला लावली, म्हणजे साचलेला वायू ढवळून वर निघावा. पाटील स्वतः धावत जाऊन कंदील भरून घेऊन आले. पहिल्या खेपेस ज्योत एक पुरुष खोलीवरच विझली. दुसऱ्या खेपेस हातभर खाली. प्रत्येक वेळी निजामुद्दीन कंदील वर घेई, पुन्हा पेटवी, काच पुसून बसवी. लतीफा पेवाच्या काठाला दोन्ही हात लावून बसली होती. कडुनिंबाची सावली एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर सरकली.

पाचव्या खेपेस कंदील ज्वारीवर टेकला आणि जळत राहिला.

"मी उतरतो," खेमा म्हणाला.

"नाई." निजामुद्दीनने दोर स्वतःच्या कमरेला बांधला. गाडीवरचा दुसरा दोर खांद्यावर घेतला. दोन वर्षांपासून त्याचे गुडघे वाकत नव्हते, म्हणूनच आत उतरण्याचे काम गफ्फारकडे आले होते. तो हातांच्या जोरावर खाली गेला.

खेमाच्या हातात दोर हलत राहिला. मग खालून आवाज आला, "वढा. आस्ते."

आधी गफ्फार वर आला. पेवाच्या दगडी काठाने चेहरा खरचटू नये म्हणून त्याच्या डोक्याभोवती निजामुद्दीनचा पटका घट्ट, पदरावर पदर घेऊन गुंडाळलेला होता. त्याला हलकेच जमिनीवर ठेवले. लतीफाने त्याच्या न हलणाऱ्या छातीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

त्याच्यामागून निजामुद्दीन वर आला, बोडक्या डोक्याने, केसांत ज्वारीचा काळा भुसा. पाटलांनी मान खाली घातली.

लतीफाने थोरल्या दिराला पाहिले आणि मोकळ्या हाताने, सवयीने, डोक्यावरचा पदर पुढे ओढला.