बटणांचे दगड

बेडूक विषारी असतात एवढंच सासूबाईंच्या कानावर आलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

"त्यापेक्षा साप आण म्हणावं तुझ्या नवऱ्याला," त्या सुनेला म्हणाल्या. "निदान तो फणा काढून सांगतो तरी."

सून हसली नाही. ती एका डेअरीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. आलेल्या प्रत्येक टँकरमधलं दूध तपासायचं आणि जराही शंका आली तर टँकर फाटकातूनच परत पाठवायचा, हे तिचं रोजचं काम. ही सवय घरीही सुटायची नाही. म्हणून नवरा तिला 'इन्स्पेक्टर' म्हणायचा. बेडूक घ्यायचे ठरल्यापासून तिने बेडूकवाल्याला तीनदा फोन केला होता. हा माणूस स्वतःच्या घरात काचेच्या पेट्यांमध्ये हे बेडूक वाढवायचा. अंगठ्याच्या पेराएवढे, काळ्या अंगाचे, निळ्या पायांचे.

"ताई," तिसऱ्या वेळी तो वैतागून म्हणाला, "जंगलात हे ज्या मुंग्या न् किडे खातात, त्यातून यांच्या कातडीत विष येतं. माझे बेडूक काचेत जन्मले, फळांवरच्या माश्या खाऊन वाढले. मुंगी कशी दिसते हे त्यांच्या आजोबांनाही ठाऊक नाही."

"म्हणजे हातमोजे नकोत?"

"घाला ना. पण ते बेडकांसाठी. आपल्या हाताचं मीठ त्यांना बाधतं."

तेव्हा कुठे तिने होकार दिला. तिची खरी काळजी सासूबाईंची होती. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने त्या तीन आठवडे रुग्णालयात होत्या. तेव्हापासून एक फुप्फुस जेमतेम कामापुरतं उरलं होतं. जिना चढताना त्या प्रत्येक वळणावर थांबायच्या, आणि कोणी पाहिलं तर भिंतीचा रंग तपासत असल्यासारखं करायच्या. छातीचं असं आणखी एक दुखणं यांना झेपणार नाही, हे डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे घरात काहीही नवीन यायचं म्हटलं की सून आधी दारात आडवी उभी राहायची.

नवऱ्याची हॉलमधली चार फुटी काचेची टाकी सहा वर्षं समुद्र होती. दिवाळीच्या सुमारास दोन दिवस वीज गेली, पंप बंद पडले, आणि प्रवाळ एकेक करून पांढरं पडत मेलं. मासे वेळेत एका मित्राकडे गेले म्हणून वाचले. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं; बारीक कामाचा हात. महिनाभर तो गप्प होता. मग एके दिवशी म्हणाला, "समुद्र पुन्हा नाही जमणार. जंगल करतो, बेडकांचं."

पुढचा आठवडा तो टाकीतच अर्धा शिरलेला असायचा. नळीने खारं पाणी काढलं, वाळू उपसली, काचेवरचे मिठाचे पोपडे व्हिनेगर लावून खरवडले, आणि गोड्या पाण्याने सात वेळा टाकी धुतली. तळाशी भाजलेल्या मातीच्या गोळ्या, त्यावर जाळी, जाळीवर काथ्याचा भुसा आणि वर वाळलेल्या पानांचा थर. मागच्या काचेवर शेवाळ चढवलं, कोपऱ्यात नेचे लावले, छताला दर तासाने धुकं सोडणारी तोटी बसवली. निळ्या उजेडाच्या जागी हळूहळू हिरवा अंधार आला.

राहिले दगड.

सहा वर्षं समुद्रात राहिलेले, भोकाभोकांचे अकरा दगड गॅलरीत बादल्यांमध्ये पडून होते. बेडकांना चढाय-उतरायला ते त्याला हवे होते. त्यांच्यावर एक गोष्ट अजून जिवंत होती. तपकिरी, चामड्यासारखी, शर्टाच्या बटणाएवढी तोंडं, एकमेकांना चिकटून बसलेली. पहिल्या दगडाबरोबर न मागता आली होती, म्हणून नवरा त्यांना 'फुकटी' म्हणायचा. कितीही खरवडली तरी परत यायची. एकदा उघड्या हातांनी खरवडली तेव्हा त्याची दोन बोटं संध्याकाळभर बधिर होती. जेवताना त्याने त्या बोटांतून चमचा पाडून दाखवला होता आणि सगळे हसले होते.

"दगड वाळवू या," नवरा म्हणाला. "उन्हात ठेवू. दोन महिन्यांत जे काय आहे ते मरेल."

"दोन महिने हा वास? आईंच्या खिडकीखाली?"

"मग काय करू?"

सुनेने प्रयोगशाळेतून क्षार मोजायचं यंत्र आणलं होतं. ते बादलीत बुडवून तिने आकडा त्याच्यासमोर धरला. "बघ. चार वेळा पाणी बदलूनही एवढं मीठ. आणि आत जंतू किती असतील कोण जाणे. उकळ. मीठही सुटेल आणि उरलेलं मरेलही."

"दगड उकळायचे?"

"उकळलं की प्रश्न मिटला."

हे वाक्य ती डेअरीत दिवसातून दहा वेळा म्हणायची. वीस वर्षांत ते एकदाही खोटं ठरलं नव्हतं.

"अगं पण वाळवले तर..."

"तुझे बेडूक शनिवारी येतायत ना? की दगड वाळेपर्यंत थांबणार आहेत?"

नवऱ्याने दोन्ही हात वर केले. "इन्स्पेक्टरांचा शेरा पडला. आम्ही कोण बोलणारे!"

शनिवारी सकाळी तो बेडूक आणायला शेजारच्या गावी गेला. नऊ वाजता सुनेने घरातलं सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर चढवलं. बाहेर बोचरी थंडी होती. सासूबाईंना गार वारं सोसायचं नाही, म्हणून खिडक्या आतून घट्ट लावलेल्या. सासूबाई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसल्या.

"काय शिजवतेस?"

"दगड."

"मीठ घातलंस?"

"आहे त्यातच."

"मग बरंय. तुझ्या हातचं काहीतरी एकदा तरी अळणी नसेल."

पाण्याला उकळी फुटली तशी तपकिरी बटणं एकदम मिटली, आक्रसली, मग करडी पडून सुटी होऊ लागली. ओहोटीच्या चिखलासारखा वास घरभर पसरला. काचांवर वाफ धरली. एवढी वर्षं न मरणारी ती फुकटी मरताना पाहून सुनेला बरं वाटलं.

तेवढ्यात डेअरीतून फोन आला. एका टँकरचा निकाल विचित्र येत होता, मॅडमनी येऊन बघावं.

"जा तू," सासूबाई म्हणाल्या.

"पाणी आटलं तर तेवढं घाला हं. कमीत कमी तीन तास उकळायला हवं."

"तीस वर्षं पन्नास-पन्नास पोरांचा वर्ग सांभाळलाय मी. एक पातेलं सांभाळीन."

पावणेदहाला सून बाहेर पडली आणि एक वाजता परतली. नवरा अर्ध्या तासापूर्वी आला होता. टेबलावर ओल्या शेवाळाच्या चार पारदर्शक डब्या होत्या. सासूबाई हॉलमध्ये सोफ्यावर दोन पांघरुणं घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचे दात वाजत होते.

"तोंडाला कसलीतरी चव आलीये गं," त्या म्हणाल्या. "पत्र्याचा चमचा चघळत बसल्यासारखी." पुढचं वाक्य खोकल्यात बुडालं. खोकला थांबला तरी श्वास अर्ध्यातूनच परत फिरत होता.

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आईने एका डबीचं झाकण उघडलं."

"बघायला नुसतं!"

"हात लावलास का, आई? खरं सांग."

"तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. तेवढीच काय ती ओळख."

सुनेने कपाळाला हात लावला. चटका बसावा इतकं तापलेलं होतं. मग पुढचं सगळं घाईत झालं. शाल, चपला, जिन्यावर दोघांनी दोन बाजूंनी धरणं, गाडी. स्वयंपाकघराकडे कोणीच पाहिलं नाही. तिथे मंद आचेवर पातेलं उकळतच राहिलं.

'विषारी बेडूक' म्हटल्यावर तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बेडूकवाल्याचा नंबर मागून घेऊन ते स्वतः त्याच्याशी बोलले, दोन-तीनदा प्रश्न फिरवून विचारले, आणि हसत परत आले.

"बेडकांची भीती डोक्यातून काढून टाका. पाळलेल्या बेडकांत विष नसतं, मीही पुस्तकात बघितलं. ताप आहे, छातीत थोडी घरघर आहे. या थंडीत सगळ्यांनाच होतंय. औषधं लिहून देतो. घरी नेऊन गरम खोलीत ठेवा, वारं लागू देऊ नका, उद्या पुन्हा दाखवा."

"ऑक्सिजन?" सुनेने विचारलं.

"चौऱ्याण्णव. यांच्या मानाने ठीक आहे."

नवऱ्याने मोठा सुस्कारा सोडला. "मी पुढे होतो. हीटर लावून खोली गरम करून ठेवतो. तू औषधं घे आणि आईला टॅक्सीने आण." आणि तो गेलासुद्धा.

सून औषधांच्या रांगेत उभी राहिली. सगळं ठीक आहे असं दोन जाणत्या माणसांनी सांगितलं होतं. तरी एक गोष्ट मनात सलत होती. सासूबाईंनी डबी उघडली ती पाऊण वाजता. पंधरा मिनिटांत एवढा ताप? ती रांग सोडून बाकाकडे परत आली.

"आई, ती चव नक्की कधीपासून येतेय?"

"कोडं सोडवत होते तेव्हापासून. अकराला चहा केला, तो इतका घाण लागला की ओतून दिला. मग खोकला सुरू झाला. तिथेच बसून होते, तुझे दगड राखत."

अकरा वाजता बेडूक घरात नव्हते. अकरा वाजता त्या बंद स्वयंपाकघरात सासूबाई होत्या, वर्तमानपत्र होतं आणि पातेलं होतं.

तिला ती बधिर बोटं आठवली. तिने बेडूकवाल्याला फोन लावला.

"ताई, आत्ताच तुमच्या डॉक्टरांना सांगितलं मी..."

"बेडकांचं नाही. आधी टाकीत समुद्र होता. त्या दगडांवर तपकिरी बटणांसारखं काहीतरी होतं. खूप होतं. ते काय असतं?"

"होतं म्हणजे? काढलंत कसं?"

"उकळलं."

 तो पलीकडून अगदी हळू म्हणाला, "ताई, तुम्ही सगळे घराबाहेर आहात ना?"

त्याने चार वाक्यांत सांगितलं. त्या बटणांच्या काही जातींत विष असतं. बेडकांचं विष त्यापुढे काहीच नाही. ते उष्णतेने नासत नाही, उलट वाफेबरोबर हवेत चढतं. ती ऐकत होती आणि तिचं स्वतःचं वाक्य तिच्या डोक्यात घण घालत होतं. उकळून मरतात ते जंतू. विष मुळात जिवंतच नसतं. ते मरणार कसं?

नवऱ्याने चौथ्या घंटीला फोन उचलला.

"अगं, बरं झालं आलो. पातेलं चालूच राहिलं होतं, पाणी पार तळाला गेलेलं. नवीन घातलंय, गॅस मोठा केलाय. आई यायच्या आत उरकून टाकतो." तो खोकला. "वास काय येतोय पण."

"कुठे उभा आहेस?"

"पातेल्यासमोर. का?"

"श्वास रोख. गॅस बंद कर आणि बाहेर पड. पाण्याला, दगडांना हात लावू नकोस. दार ओढून घे आणि इकडे ये."

"अगं, मग बेडूक..."

"राहू देत! त्या दगडांत विष आहे. बेडकांचं काही नाही. विष दगडांत आहे, आणि ते मी उकळायला लावलं."

फोनवर काही तरी पडल्याचा आवाज आला. मग खोकला, आणि मग दार आपटल्याचा.

डॉक्टर पुढच्या रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून उभे होते. सुनेने घरी सोडण्याचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. "हा परत घ्या. आईंना घरी नेता येणार नाही." टँकर परत पाठवताना लिहायची तसा तिने एकेक तपशील सांगितला. अकरा दगड. साधारण दहा लिटर पाणी. खिडक्या बंद. सासूबाई त्या खोलीत पावणेदहापासून साडेबारापर्यंत. नवरा आत्ता, किती वेळ माहीत नाही. बेडूकवाल्याचा नंबर त्यांच्याकडे होताच.

"आणि तुम्ही?"

"पाऊण तास. त्यातला अर्धा वेळ उकळी यायच्या आधीचा."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. ते तीन ठिकाणी बोलले. दुसऱ्या फोनच्या वेळी ते उठून उभे राहिले होते. तेवढ्यात नर्सने सासूबाईंच्या बोटाला पुन्हा ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. अठ्ठ्याऐंशी.

"यावर उतारा नाही," चाकांची खाट ढकलताना डॉक्टर म्हणाले. "श्वास चालू ठेवायचा, हृदयावर लक्ष ठेवायचं, आणि शरीर निभावतं का ते बघायचं. दोन दिवस काही सांगता येणार नाही. यांचं वय, त्यात फुप्फुस तसलं..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

तीनच्या सुमारास नवरा आला. रुग्णालयाच्या पायऱ्या तो कठडा धरून चढला. तिच्याकडे बघून त्याने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि खोकत गुडघ्यांवर हात टेकून वाकला. नर्सने खुर्ची आणली. त्याला आत नेलं तेव्हा त्याने तिचा हात धरलेला होता. तो नर्सला सोडवावा लागला.

पडद्यामागे सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की जीव गुदमरत होता. सुनेला पाहताच त्यांनी नाकावरचा मास्क दोन बोटांनी खाली केला.

"काय झालंय मला? बेडूकच ना?"

डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलंय ते त्यांना दिसत नव्हतं. नवरा दुसऱ्या खोलीत होता. सुनेने खाटेचा दांडा धरला.

"नाही, आई. दगडांची वाफ. तो वाळवू या म्हणत होता. उकळायला मी लावलं. आणि तुम्हाला तिथे बसवून मी गेले."

सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, ओठ हललेही. पण बोलायला लागतो तेवढा वारा छातीत नव्हता. मग त्यांनी स्वतःच्या हाताने मास्क नीट बसवला, डोळे मिटले, आणि श्वास घ्यायच्या कामाला लागल्या.